संगणक-आज्ञावलींची सुगम्यता

संगणक, भ्रमणध्वनी किंवा तत्सम साधनांवर चालणारी आज्ञावली (सॉफ्टवेअर) दृष्टी, श्रवण, वाचा, शरीराची हालचाल किंवा आकलन यांबाबतीत भिन्न क्षमता असलेल्या व्यक्तींना स्वतंत्रपणे व इतरांइतक्याच सोयीने वापरता येणे, या गुणास सुगम्यता म्हणतात. त्यासाठी ठरवून दिलेले निकष आज्ञावलीने पाळणे, ही सुगम्यतेच्या निकषांची पूर्तता होय. शक्य तितक्या अधिक लोकांना खास फेरबदलाशिवाय वापरता येईल अशी वस्तू मुळातच घडविण्याच्या पद्धतीस सार्वत्रिक अभिकल्प अशी संज्ञा आहे. हे विषय परस्परसंबद्ध असले, तरी एकच नव्हेत. पूर्ततेने किमान मर्यादा निश्चित होते, तर सार्वत्रिक अभिकल्प ही रचनेच्या आरंभापासून अंगीकारावयाची दृष्टी आहे.

इमारतीतील जिना किंवा उंबरठा यांसारखे अडथळे काही अंशी जागा व बांधकाम-सामग्री यांच्या मर्यादांतून उद्भवतात. आज्ञावलीतील माहिती मात्र मुळात अंकीय संकेतांच्या स्वरूपात असते. तिला स्वतःचे असे दृश्य रूप नसते. तीच संकेतमालिका पडद्यावर अक्षरे म्हणून, ध्वनिक्षेपकातून उच्चार म्हणून किंवा बोटांखाली ब्रेल टिंबे म्हणून प्रकट करता येते. त्यामुळे आज्ञावलीतील बहुतेक अडथळे माध्यमाचे अंगभूत दोष नसून रचनाकाराच्या निर्णयांचे परिणाम असतात, आणि ते रचनेच्या वेळी टाळणे हे नंतर दूर करण्यापेक्षा पुष्कळच सोपे असते.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत दिव्यांग व्यक्तींची संख्या सु. २.६८ कोटी (लोकसंख्येच्या २.२१ टक्के) नोंदली गेली, त्यांपैकी सु. २९.६ लाख महाराष्ट्रातील होत्या. वार्धक्याने मंदावलेली दृष्टी, प्लॅस्टरमध्ये असलेला हात यांसारख्या कारणांनी अडचणीत येणाऱ्या व्यक्ती या संख्येत येत नाहीत. बँक-व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेल्वेचे आरक्षण, परीक्षांची प्रवेशपत्रे इ. कामे आज्ञावलींच्या द्वारे होऊ लागल्यापासून एखादा अगम्य पडदा म्हणजे नागरिकासाठी बंद झालेली कचेरीच ठरतो.

साहाय्यक साधने : अंध व्यक्ती पडदावाचक (स्क्रीन रीडर) नावाची आज्ञावली वापरते. पडद्यावरील मजकूर व नियंत्रक घटक यांची माहिती घेऊन ती कृत्रिम वाणीने उच्चारते किंवा ब्रेल दर्शकाकडे पाठविते. ब्रेल दर्शकात संकेतांनुसार सूक्ष्म खुंट्या वरखाली होऊन ओळ बोटांनी वाचता येते. अल्पदृष्टी व्यक्ती पडदा-विवर्धक वापरतात. ज्यांना माऊस धरता येत नाही, ते केवळ कळफलक, तोंडात धरलेली कांडी, एकच मोठी खटकी, ध्वनि-आज्ञा किंवा नेत्रचलनाचा मागोवा घेणारे उपकरण यांच्या साहाय्याने काम करतात. कर्णबधिरांना चित्रफितीखालील अनुबोधपट्टी व सांकेतिक भाषेतील निवेदन उपयोगी पडते. ही साधने स्वतः कितीही कार्यक्षम असली, तरी मूळ आज्ञावलीने आवश्यक माहिती पुरविली नाही, तर ती निरुपयोगी ठरतात.

ऐतिहासिक आढावा : १९८० नंतरच्या दशकातील डॉस प्रणालीच्या पडद्यावर सामान्यतः २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे असत आणि प्रत्येक अक्षराचा संकेत संगणकाच्या स्मृतीत ठराविक जागी असे. तो वाचून उच्चारणारी आज्ञावली लिहिणे तुलनेने सोपे होते. आयबीएम कंपनीने याच काळात जिम थॅचर यांच्या पुढाकाराने असा पडदावाचक विकसित केला. स्वतः अंध असलेले टेड हेंटर यांनी सहकाऱ्यासह तयार केलेला जॉज हा पडदावाचक १९८९ मध्ये प्रसृत झाला.

त्यानंतर चित्ररूप पडदा व माऊस यांचा प्रसार झाला. बहुसंख्यांना संगणक सोपा झाला, परंतु अंधांना तो एकाएकी दुर्बोध झाला. कारण पडद्यावर आता अक्षरसंकेतांऐवजी केवळ रंगीत बिंदूंचे पुंज उमटू लागले. पडदा रेखाटणाऱ्या आज्ञांवर पाळत ठेवून त्यांवरून पडद्याची प्रतिकृती स्मृतीत उभारणे, असा अवघड मार्ग पडदावाचकांना काही वर्षे अनुसरावा लागला. पुढे प्रचालन प्रणालींनीच ही माहिती देण्याची अधिकृत सोय केली. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणलेली ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही त्यांपैकी एक होय. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये आरंभिलेला एनव्हीडीए हा पडदावाचक विनामूल्य व मुक्त असल्याने भारतासारख्या देशांत विशेष उपयुक्त ठरला. तंत्राच्या प्रगतीने सुगम्यता आपोआप वाढत नाही, उलट एखाद्या नव्या टप्प्यावर ती नष्टही होऊ शकते, हे या इतिहासावरून दिसते.

सार्वत्रिक अभिकल्प : ही संज्ञा अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ रोनाल्ड मेस (१९४१–९८) यांनी रूढ केली. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाची खुर्ची वापरीत. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील त्यांच्या केंद्राने १९९७ मध्ये या अभिकल्पाची सात तत्त्वे मांडली : समन्यायी वापर, वापरातील लवचिकता, सुबोध साधेपणा, माहितीची संवेद्यता, चुकांबाबत सहिष्णुता, अल्प शारीरिक श्रम आणि हाताळणीस पुरेसा आकार व अवकाश. ती वास्तू व वस्तू यांसाठी सांगितली गेली असली, तरी आज्ञावलींनाही लागू पडतात. उदा., चुकांबाबत सहिष्णुता म्हणजे पैसे पाठविण्यापूर्वी रक्कम व नाव पुन्हा दाखवून दुरुस्तीची संधी देणे. पुरेसा आकार म्हणजे कंप पावणाऱ्या बोटालाही दाबता येईल एवढे बटण ठेवणे.

या तत्त्वांनुसार केलेल्या सोयींचा लाभ इतरांनाही होतो. कर्णबधिरांसाठीची अनुबोधपट्टी गोंगाटाच्या लोकलमध्ये सर्वांना उपयोगी पडते आणि अल्पदृष्टींसाठी राखलेला रंगभेद भर उन्हात पडदा पाहणाऱ्याला साहाय्यभूत होतो. तथापि सुगम्यतेचे समर्थन केवळ अशा अनुषंगिक लाभांवर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे. सांकेतिक भाषेतील निवेदनासारखी सोय थोड्यांच्याच उपयोगाची असली, तरी तितकीच आवश्यक असते.

अंतर्गत रचना : पडद्यावरील प्रत्येक नियंत्रक घटकाबाबत नाव, भूमिका व स्थिती या तीन गोष्टी आज्ञावलीने साहाय्यक साधनास कळवाव्या लागतात. ‘अटी मान्य, चौकट, खूण केलेली नाही’ असे पडदावाचक उच्चारतो तेव्हा ‘अटी मान्य’ हे नाव, ‘चौकट’ ही भूमिका आणि ‘खूण केलेली नाही’ ही स्थिती होय. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीएमएल भाषेत बटण, शीर्षक, यादी, कोष्टक इत्यादींसाठी स्वतंत्र घटक आहेत. ते वापरल्यास ही माहिती आपोआप मिळते आणि कळफलकावरून बटणापर्यंत पोहोचता येते. याउलट, अर्थशून्य चौकोन रंगवून त्याला केवळ माऊसच्या टिचकीस प्रतिसाद देण्यास शिकविले, तर डोळ्यांना तो हुबेहूब बटण भासतो. पण पडदावाचकास ते बटण आहे हे समजत नाही व कळफलकाने त्यावर जाता येत नाही. दोन्ही प्रकारांत पडद्यावरील दृश्य सारखेच असल्याने हा दोष डोळस परीक्षकाच्या ध्यानात येत नाही.

याच न्यायाने माहिती देणाऱ्या चित्रास पर्यायी मजकूर जोडणे, अर्जातील प्रत्येक रकान्यास त्याचे नाव जोडणे, शीर्षकांची उतरंड राखणे व वाचनाचा क्रम सुसंगत ठेवणे आवश्यक असते. ‘लाल रंगातील रकाने भरा’ यांसारखी केवळ रंगावर विसंबणारी सूचना रंगांधांना व अंधांना निरर्थक ठरते.

मानके : संकेतस्थळांच्या तंत्राची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यातून निर्माण झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांची (डब्ल्यूसीएजी) पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी (२.०) २००८ मध्ये, तर तिच्या विस्तारित आवृत्ती २.१ व २.२ अनुक्रमे २०१८ व २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. माहिती संवेद्य असावी, नियंत्रक घटक हाताळता यावेत, आशय व वर्तन आकलनीय असावे आणि आजच्या व पुढील साहाय्यक साधनांशी जुळण्याइतकी रचना भक्कम असावी, या चार तत्त्वांखाली २.२ आवृत्तीत ८६ निकष मांडले आहेत. त्यांचे ‘ए’, ‘डबल ए’ व ‘ट्रिपल ए’ असे तीन स्तर असून कायद्यांत सामान्यतः ‘डबल ए’ स्तराची अपेक्षा केलेली असते.

बहुतेक निकष पारखून पाहता येतील असे आहेत. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या सापेक्ष दीप्तींत प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्या संख्येस लहान संख्येने भागले असता रंगभेदाचे गुणोत्तर मिळते. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांसाठी ते २१ येते. ‘डबल ए’ स्तरावर नेहमीच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ व मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावे लागते. अपस्माराचा झटका येण्याची शक्यता टाळण्यासाठी कोणतेही दृश्य सेकंदास तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकू नये, हा निकष सर्वांत प्राथमिक स्तरावरच ठेवला आहे. अपवाद फक्त ठरवून दिलेल्या तीव्रतेपेक्षा सौम्य लुकलुकीचा. अनेक पडद्यांवर पूर्ण होणाऱ्या व्यवहारातील प्रत्येक पडदा निकषांस उतरला पाहिजे, असाही नियम आहे. तिकीट निवडण्याचे सर्व पडदे सुगम्य असून पैसे भरण्याचा शेवटचा पडदा अगम्य असेल, तर ग्राहकाच्या हाती तिकीट पडतच नाही. म्हणून अशा व्यवहारातील कोणताच पडदा पूर्तता करणारा मानला जात नाही.

देवनागरी मजकूर : मराठी मजकुराच्या सुगम्यतेचा संबंध अक्षरसंकेतांशी फार निकटचा आहे. यूनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांनाच देवनागरी आकार चढविलेले होते. असा मजकूर पडद्यावर व कागदावर शुद्ध मराठी दिसतो, परंतु पडदावाचकाला तो असंबद्ध रोमन अक्षरांचा समूह वाटतो आणि तो तसाच उच्चारला जातो. यूनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतंत्र संकेत असून साठवणीचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. ‘कि’ या अक्षरातील पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसत असली, तरी तिचा संकेत ‘क’नंतर येतो; ‘अर्क’मधील रफार ‘क’च्या डोक्यावर दिसत असला, तरी ‘र’चा संकेत आधी येतो. वाणी-संश्लेषणास व भारती ब्रेलमध्ये रूपांतर करण्यास हाच क्रम उपयुक्त असतो.

मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा ओळखणे साधनास नेहमीच जमत नाही. मजकुराची भाषा आज्ञावलीत नोंदलेली नसेल, तर हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो आणि ‘चाक’ या शब्दातील दंततालव्य ‘च’चा उच्चार हिंदीप्रमाणे होतो. ठराविक उंचीच्या चौकटीत अक्षरे मोठी केल्यास मात्रा व उकार कापले जाऊन अर्थ बदलण्याचा धोकाही देवनागरीत अधिक असतो. कागदाचे छायाचित्र घेऊन बनविलेली पीडीएफ प्रत ही केवळ प्रतिमा असते. अक्षर-अभिज्ञानाची प्रक्रिया करून ती तपासून घेतल्याशिवाय तिच्यातील एकही शब्द पडदावाचकास मिळत नाही. परिपत्रके व आदेश मूळ यूनिकोड मजकुरातूनच पीडीएफ स्वरूपात काढल्यास हा अडथळा निर्माणच होत नाही.

कायदे : अमेरिकेत पुनर्वसन अधिनियमाच्या ५०८ व्या कलमास १९९८ मध्ये बंधनकारक स्वरूप मिळून संघराज्य शासनाच्या खात्यांनी खरेदी केलेल्या किंवा वापरलेल्या आज्ञावली सुगम्य असणे आवश्यक झाले. शासन हे मोठे गिऱ्हाईक असल्याने उत्पादकांवर त्याचा परिणाम झाला. ऑस्ट्रेलियात ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध १९९९ मध्ये तक्रार केली. दुरुस्तीस फार खर्च व काळ लागेल, असा आयोजकांचा बचाव होता. तो अमान्य होऊन २००० मध्ये मानवी हक्क आयोगाचा निर्णय तक्रारदाराच्या बाजूने लागला व पुढे आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. यूरोपीय संघाचा २०१९ चा सुगम्यता-निर्देश २८ जून २०२५ पासून लागू झाला असून बँकसेवा, ई-पुस्तके, ऑनलाइन विक्री इ. खाजगी सेवाही त्याच्या कक्षेत येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास (२००६) भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून केलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४० व्या कलमाने सुगम्यतेचे नियम करण्याचे, तर ४२ व्या कलमाने माहिती व इलेक्ट्रॉनिक साधने सुगम्य करण्याचे दायित्व शासनावर टाकले. ४६ व्या कलमाने शासकीय व खाजगी अशा दोन्ही सेवादात्यांना नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. उल्लंघनाबद्दल प्रथम १०,००० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये तयार झाली व २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारली गेली. भारतीय मानक संस्थेचे आयएस १७८०२ हे दोन भागांतील मानक २०२१ व २०२२ मध्ये प्रसिद्ध होऊन २०२३ मध्ये अधिनियमाच्या नियमांत समाविष्ट झाले.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय या विषयात महत्त्वाचे आहेत. ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ’ या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम केवळ शिफारसवजा असल्याने मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. सुगम्यता ही कोणी मागणी करण्यापूर्वीच समूहासाठी करावयाची तरतूद असते, तर वाजवी सोय ही विशिष्ट व्यक्तीच्या गरजेनुसार नंतर केलेली योजना असते, हा भेदही निर्णयात स्पष्ट केला आहे. दुसरा निर्णय ३० एप्रिल २०२५ चा आहे (प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत संघ). ग्राहक-ओळख पडताळणीच्या आज्ञावलीत समोरची व्यक्ती जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी पापण्या मिटून उघडण्यास सांगितले जाई. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे यांना इजा झालेल्या व्यक्तींना हे करता येत नव्हते. अंध व्यक्तींनाही पडद्यावरील चौकटीत चेहरा आणण्याच्या सूचना कळत नव्हत्या. संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे मानून न्यायालयाने पर्यायी पद्धती, नियमित सुगम्यता-तपासणी इ. २० निर्देश दिले. पापण्या न हलणारी व्यक्ती असू शकेल, याचा विचार रचनेच्या वेळी झाला असता, तर हा वाद उद्भवता ना.

तपासणी व तिच्या मर्यादा : पूर्ततेची तपासणी तीन प्रकारे करतात. स्वयंचलित आज्ञावली अपुरा रंगभेद, नाव नसलेले रकाने यांसारखे दोष त्वरित दाखविते. परंतु पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच तिला निश्चितपणे सांगता येते, तो त्या ठिकाणी समर्पक आहे की नाही याचा निर्वाळा ती देऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात तज्ज्ञ माऊस बाजूला ठेवून कळफलक व पडदावाचक यांच्या साहाय्याने संपूर्ण व्यवहार करून पाहतो. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष दिव्यांग वापरकर्त्यांकडून चाचणी घेतली जाते. प्रत्येक नव्या आवृत्तीत जुने दोष परत येऊ शकत असल्याने तपासणी एकदाच करून भागत नाही.

तयार संकेतस्थळावर एक ओळ जोडली की ते आपोआप सुगम्य होते, असा दावा करणारी उत्पादनेही बाजारात आहेत. अशाच एका उत्पादनाविषयी दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये संबंधित कंपनीस १० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. बटणाचे नाव किंवा चित्राचा अभिप्रेत अर्थ रचनाकाराने कोठेही नोंदलेला नसेल, तर बाहेरून जोडलेल्या साधनास त्याचा केवळ तर्क करावा लागतो व तो चुकू शकतो.

सर्व निकष पूर्ण करणारी आज्ञावलीही वापरण्यास कष्टप्रद असू शकते. एखाद्या बटणापर्यंत पोहोचण्यास कळ चाळीस वेळा दाबावी लागत असेल, तर तांत्रिक पूर्तता होऊनही समन्यायी वापर साधत नाही. बौद्धिक व आकलनविषयक अडचणींना तर सध्याच्या निकषांत तुलनेने कमी स्थान आहे. यास्तव आवश्यकतांची पहिली यादी करताना, खरेदीच्या निविदेत, रंग व अक्षरे ठरविताना आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सुगम्यतेचा अंतर्भाव करणे इष्ट ठरते. या कामात दिव्यांग व्यक्तींना अखेरीस परीक्षक म्हणून बोलाविण्याऐवजी आरंभापासून सहरचनाकार म्हणून सामील केल्यास पुढील दुरुस्त्यांचा खर्च व वापरकर्त्यांची गैरसोय ही दोन्ही पुष्कळ अंशी टळतात.